वडिलांच्या ट्रंकेतली चारशे पत्रं: टिकवायची कशी?

कोनाडा
आई-बाबांचं घर आवरताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. वरच्या थरात जुने हिशेबाचे कागद होते, म्हणून इतक्या वर्षांत तिच्यात कुणी हात घातला नव्हता. त्याखाली पत्रं होती. मोजली तर चारशेच्या वर भरली. बाबा वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हा आजोबांनी त्यांना लिहिलेली, आत्यांची, आई-बाबांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली, आणि वीसेक मोडीतली, जी आज घरात कुणालाच वाचता येत नाहीत. सोबत दाखले, प्रगतिपुस्तकं, वाटणीचा एक कागद.

आजोबांचं एक पत्र आत्ता समोर आहे. कागद संपला म्हणून ओळी डाव्या समासात आडव्या चढत गेल्या आहेत, आणि 'चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद' या मायन्याच्या डोक्यावर उरलेल्या बोटभर जागेत 'रात्री जागू नये' एवढं बारीक अक्षरात घातलंय. ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

पण घड्यांवर कागद तुटायला लागलाय. काही गठ्ठ्यांना टाचण्या आहेत, त्या गंजून कागदात रुतल्यात. भाऊ म्हणतो, स्कॅन कर आणि मोकळा हो. बहीण म्हणते, लॅमिनेट करून घेऊ. बाबा आता नाहीत, आई ब्याऐंशीची आहे. माझ्या हातून चूक व्हायला नको, म्हणून आधी इथे विचारतोय.

दौत
मी कागदपत्रांच्या जतनाचं काम बरीच वर्षं करतेय. आधी एकच विनंती: लॅमिनेशन करू नका. आज संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगा.

कारण सांगते. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. पुढे ते पिवळं पडलं किंवा त्याच्या आत कागद कुजत गेला, तरी बाहेर काढता येत नाही. गेल्या शतकात मोठमोठ्या अभिलेखागारांनीही महत्त्वाचे दस्तऐवज सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केले होते. तज्ज्ञांनाच तो उपाय तेव्हा योग्य वाटला होता. पुढे ते थर सोडवत बसायची वेळ आली. आमच्या कामातला पहिला नियम त्यातूनच पक्का झाला: जे उलटं फिरवता येणार नाही, ते करायचं नाही.

आता तुमचा कागद का तुटतोय ते. चिंध्यांपासून केलेला जुना कागद तीन-तीनशे वर्षं सहज टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहतं, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून त्याला तुरटी आणि राळ यांची खळ देत. दमट हवेत तुरटीपासून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं पत्र दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रापेक्षा जास्त ठिसूळ असू शकतं. तुमचे कागद घड्यांवर तुटतात, कारण तिथे तंतू आधीच दमलेले असतात.

शाईकडेही बघा. मजकूर तपकिरी दिसत असेल आणि अक्षराच्या मागे कागदाच्या पाठीवर डाग उमटले असतील, तर ती बहुधा मायफळ आणि हिराकस यांची शाई. ती लिहिल्यावर काळी होते, पुढे तपकिरी होते आणि कागद खाते. अशी पानं उलगडताना खाली एक आधाराचा कागद घ्या. ओल तर अजिबात लागू देऊ नका. काजळीची शाई असेल तर ती उजेडानेही फिकी पडत नाही, तिची काळजी कमी.

आता लगेच करण्यासारखं: रबरबँड काढा, त्यातलं गंधक कागदावर डाग पाडतं. गंजलेली टाचणी ओढू नका. दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, टोक हळूच मोकळं करा आणि मग काढा. पत्र उलगडून सपाट ठेवा, पण जे आपणहून उलगडत नाही त्याच्यावर जोर करू नका. हातमोजे लागत नाहीत. हात धुवून कोरडे करा. कापडी मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि कागद फाटतो. मोजे फक्त फोटो आणि निगेटिव्हसाठी.

पानगळ
दौत यांनी लिहिलं ते मी भोगलंय. आईने मला लिहिलेलं शेवटचं पत्र मी एका दुकानात लॅमिनेट करायला दिलं. निळ्या शाईचं पत्र, माझ्या डोळ्यांदेखत यंत्रात गेलं. बाहेर आलं तेव्हा मधल्या घडीची सुरकुती कायमची दाबली गेली होती आणि त्या सुरकुतीत तिची सही होती. दुकानदाराने त्याचं काम नीट केलं, त्याला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. आता ते पत्र हातात घेतलं की प्लॅस्टिकच लागतं. कागदाचा स्पर्श गेला, वास गेला. कोनाडा, कृपा करून थांबा.

कोनाडा
बहिणीला सांगितलं. तिने आजोबांची दोन पत्रं दुकानात द्यायला पिशवीत भरूनही ठेवली होती! परत आणली. मनापासून आभार. आता दोन प्रश्न: फाटलेल्या घड्यांना चिकटपट्टी चालेल का? आणि ठेवायचं कशात?

दौत
चिकटपट्टी नको. तिचा गोंद कागदात झिरपतो, पिवळा होतो, मग प्लॅस्टिक गळून पडतं आणि डाग मागे राहतो. आम्ही दुरुस्तीला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो, कारण ती पाण्याने पुन्हा सुटते. घरी हे करून बघण्याची गरज नाही. तुकडे झाले असतील तर सगळे तुकडे एकाच पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पॉलिप्रॉपिलीनही चालेल. पीव्हीसी नको. नवीन रेक्झिनसारखा उग्र वास येतो ते पीव्हीसी. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं.

बाकीच्यांसाठी आम्लरहित कागदाची फोल्डर आणि आम्लरहित पुठ्ठ्याचा खोका. कागद घेताना आयएसओ 9706 हे आंतरराष्ट्रीय मानक लिहिलेलं दिसलं, तर तो टिकाऊ कागद. त्यात आम्ल शोषणारा कॅल्शियम कार्बोनेटसारखा साठा असावा लागतो.

जागा मात्र माळा नको. तिथे उन्हाळ्यात तापतं, पावसाळ्यात दमट होतं, आणि या चढउताराने कागदाचं जास्त नुकसान होतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको. माणसं जिथे राहतात त्या खोलीत, आतल्या भिंतीपाशी, जमिनीपासून वर. हवेतली आर्द्रता 35 ते 50 टक्क्यांत राहिली तर उत्तम. 65 च्या वर गेली की बुरशी धरते, आणि कसरही दमट जागाच शोधते. डांबरगोळ्या खोक्यात टाकू नका. त्यांची वाफ तुमच्या तब्येतीला वाईट, आणि कसरीचा मूळ प्रश्न, म्हणजे ओल, त्याने सुटत नाही.

निळीरेघ
एक सावधगिरीची गोष्ट. माझ्या काकांची पत्रं शिसपेन्सिलीने लिहिलेली होती, निदान मला तसं वाटलं. एका पानावर मळ होता म्हणून ओलसर कापसाने टिपायला गेले. जिथे कापूस लागला तिथे करडी अक्षरं बघता बघता जांभळी झाली आणि पसरली. चार ओळी गेल्या. नंतर कळलं की ती कॉपिंग पेन्सिल होती. शिशाबरोबर रंग मिसळलेला असतो, कोरडी असताना ओळखू येत नाही. तेव्हा पेन्सिल आहे म्हणून पाणी चालेल असं धरू नका. मळ असेल तर मऊ ब्रशने झाडा, तेवढंच.

आडवाट
भिजलेल्या कागदांबद्दल कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. आमच्याकडे रात्री नळ फुटला आणि कागदांचा खोका पाण्यात बसला. सकाळी सगळे म्हणाले उन्हात वाळव. ऊन नको! कागद वाकडा होतो, शाई उडते. सुटी पानं होती ती टिपकागदावर पसरली, पंखा लावला, वारा थेट पानांवर न येईल असा. जे गठ्ठे चिकटले होते ते सोडवायचा प्रयत्न न करता पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाकले. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू शकते, गोठवल्यावर ती थांबते, आणि मग सवडीने एकेक गठ्ठा काढता येतो. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, लाखो पुस्तकं-कागद चिखलात गेले. ओल्या कागदांशी कसं वागायचं हे पुढच्या पिढीने बरंचसं त्या अनुभवातून शिकून घेतलं. आमच्या खोक्यातली दोन पानं सोडली तर सगळी वाचली.

तळटीप
कोनाडा, तुम्ही पत्रं तारखेनुसार लावायला घेतली नाहीत ना अजून? घेतली असतील तर थांबा.

गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला होता, तो क्रम तुमच्या वडिलांनी लावलेला आहे. कुठलं पत्र कुठल्या पत्राशेजारी त्यांनी ठेवलं, हीसुद्धा माहितीच. 1841 साली फ्रान्समध्ये अभिलेखागारांसाठी नियम झाला: एका घराण्याचे, एका कचेरीचे कागद एकत्र ठेवायचे, विषयवार फोडायचे नाहीत. जगभर आजही तोच पाळतात. आधी जसं आहे तसं गठ्ठ्यांना क्रमांक द्या. तारखेची यादी वहीत करा. यादी दहा प्रकारे लावता येईल, पण गठ्ठा एकदा मोडला की मोडला.

आणि पाकिटं टाकू नका. पत्रावर तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर असते.

कोनाडा
पाकिटांचं वाचून पोटात गोळा आला. लहानपणी आम्हा मुलांना तिकिटं जमवायचा नाद होता. बऱ्याच पाकिटांच्या कोपऱ्यात कात्रीचं भोक आहे. तिकिटाबरोबर शिक्काही गेलाय.

तळटीप
पूर्ण गेला नसेल. शिक्का तिकिटाच्या बाहेर डावीकडे सांडलेला असतो, अर्धं वर्तुळ तरी राहतं. बघा.

खिडकीपाशी
भावाच्या बाजूने थोडं बोलते, कारण स्कॅनिंगला इथे सगळे विसरले. स्कॅन कराच. मूळ पत्र टाकण्यासाठी नव्हे, तर ते पुन्हा पुन्हा हाताळावं लागू नये म्हणून. 300 डीपीआयच्या (इंचाला इतके ठिपके) खाली नको, बारीक अक्षर किंवा फोटो असेल तर 600. काळी शाई असली तरी रंगीतच करा, कारण दोन वेगळ्या शाया, नंतर घातलेली ओळ, डाग, हे रंगातच दिसतं. मागची कोरी बाजूही घ्या. मुख्य प्रत टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, नातेवाइकांना पाठवायला लहान आकाराची जेपेग. फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि दर वर्षी एकदा उघडून बघायच्या. हे शेवटचं फार कमी लोक करतात.

मूळ कागद का टाकायचा नाही, त्याला एक चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये 1086 साली डूम्सडे बुक नावाची जमीनजुमल्याची नोंदवही झाली. तिला 900 वर्षं झाली म्हणून 1986 मध्ये बीबीसीने लोकांकडून नवी माहिती गोळा करून लेझर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्का वाचणारी यंत्रंच मिळेनाशी झाली, खास प्रयत्न करून ती माहिती सोडवावी लागली. कातड्यावर शाईने लिहिलेली 1086 ची वही आजही उघडून वाचता येते.

वेलांटी
मोडीबद्दल. वाचणारे आहेत, शिकवणारेही आहेत, त्यामुळे हताश होऊ नका. पण वाचायला देताना एक गोष्ट बरोबर द्या: घरातल्या माणसांची आणि गावांची नावं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद करत नाहीत, शब्द तोडूनही लिहीत नाहीत, हात न उचलता ओळ पुढे जाते. लिपी जाणणारा माणूस बाकी मजकूर लावेल. घरातल्या माणसाचं लाडकं नाव लागलं की तो अडतो, आणि ते तुम्हालाच सांगता येतं.

सांजवात
मी कालपासून हा धागा वाचतेय आणि मला राहवत नाही. खोके, आर्द्रता, डीपीआय, सगळं बरोबर आहे. पण कोनाडा, तुमच्या आई ब्याऐंशीच्या आहेत. कागद अजून पन्नास वर्षं कुजत-कुजत का होईना टिकेल. सगळ्यात आधी आईंजवळ बसा.

आमच्याकडे आजीच्या दोनशे पत्रांचं स्कॅनिंग मी दीड वर्ष नेटाने केलं. फाइली सुंदर लावल्या. पत्रांत सतत 'ती' येते. 'ती आली होती', 'तिचं काही कळलं का', 'तिचं नाव घरात काढू नये'. मी म्हणायचे, काम संपलं की मावशीला विचारू. काम संपलं तेव्हा मावशी मला ओळखत नव्हती. आज माझ्याकडे उत्तम दर्जाच्या दोनशे फाइली आहेत आणि ती कोण होती, हे सांगणारं जगात कुणी नाही. नाव घ्यायचं नाही असं ठरवलेली एक बाई आमच्या घरात होती, आणि आता खरोखरच तिचं नाव गेलं.

फोनवर रेकॉर्डिंग लावा, पत्र मोठ्याने वाचा, आणि त्यांना बोलू द्या. प्रश्नांची यादी नको. पत्रच प्रश्न विचारतं. आणि कळेल ते पत्राच्या फोल्डरवर मऊ पेन्सिलीने लिहा. पेनने नको.

आडवाट
सांजवात यांच्याशी सहमत, पण एक विचार करावासा वाटतो. आई-बाबांची लग्नाआधीची पत्रं मुलांनी वाचावी का? ती तुम्हाला लिहिलेली नव्हती.

तळटीप
कायद्याच्या बाजूने एक जुना निवाडा आहे. 1741 मध्ये अलेक्झांडर पोप या कवीने आपली पत्रं परस्पर छापणाऱ्या एडमंड कर्ल या प्रकाशकाला इंग्लंडच्या कोर्टात खेचलं. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी सांगितलं: कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. तेव्हा पत्रं जपणं वेगळं आणि ती चारचौघांत मांडणं वेगळं. नातेवाइकांच्या गटावर स्कॅन टाकण्याआधी हे लक्षात असू द्या. वाचायची की नाही, हे मात्र कायदा सांगणार नाही. आई आहेत, त्यांना विचारा.

कोनाडा
तीन आठवड्यांनी लिहितोय.

आईला विचारलं. तिने त्यांच्या दोघांच्या पत्रांचा गठ्ठा मागून घेतला, दोन दिवस स्वतःच्या खोलीत ठेवला. मग परत दिला, त्यातून अकरा पत्रं काढून. ती कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. यादीत 'गठ्ठा 7, अकरा पत्रं आईकडे' एवढं लिहिलंय.

रोज संध्याकाळी तासभर बसतो. आजोबांच्या पत्रांत जागोजाग 'माई' येते. आम्ही सगळे भावंडं धरून चाललो होतो की माई म्हणजे पणजी, कारण आत्या पणजीला माई म्हणायच्या. आई म्हणाली, पणजी गेल्यावर धाकट्या आत्या आजीलाच माई म्हणायला लागल्या, आणि मग आजोबाही. म्हणजे दोन माई! कुठल्या पत्रातली कुठली, ते पत्राच्या तारखेवर. आणि नेमकं जे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय त्यावर तारीख नाही. वर फक्त 'गुरुवार, रात्री नऊ'. आत: 'माई आता उठून बसते. तू येऊ नकोस, परीक्षा दे. परवा चौदा तारखेस डॉक्टर पुन्हा येतील.' पाकिटाच्या कोपऱ्यात कात्रीचं भोक. तळटीप म्हणतात तसा अर्धा शिक्का उरलाय, त्यात नोव्हेंबर वाचता येतं, वर्ष तिकिटाबरोबर गेलं.

खिडकीपाशी
परवा चौदा, म्हणजे लिहिलं ते बारा तारखेला. गुरुवार, 12 नोव्हेंबर. बाबा वसतिगृहात कोणत्या वर्षी होते?

कोनाडा
1957 ते 1961. प्रगतिपुस्तकांवरून.

खिडकीपाशी
मग 1959. त्याआधीचा बारा नोव्हेंबरचा गुरुवार 1953 मध्ये येतो आणि नंतरचा थेट 1964 मध्ये. मधे दुसरा नाही.

दौत
आणि ट्रंकेत दाखले आहेत म्हणालात. पणजींचा मृत्यूचा दाखला बघा.

कोनाडा
बघितला. पणजी गेल्या फेब्रुवारी 1958 मध्ये.

म्हणजे आजारी होती ती आजी. बाबांची आई. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, त्या आजारपणाबद्दल ती सून म्हणून या घरात आल्यावर आजीने एकदाच सांगितलं होतं, पण तेव्हा मुलगा कुठे होता हे आजी बोलली नव्हती. बाबा तर आम्हाला कधीच काही बोलले नाहीत. त्या वर्षीचं प्रगतिपुस्तकही ट्रंकेत आहे. त्यांनी परीक्षा दिली होती.

फोल्डरवर पेन्सिलीने लिहिलं: '12 नोव्हेंबर 1959. माई = आजी, पणजी नव्हे. आईने सांगितलं.' आईने ते वाचलं आणि म्हणाली, खाली माझंही नाव लिही, कुणी सांगितलं ते कळायला हवं. मग 'आईने' खोडून तिचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट.

चौथा गठ्ठा उद्या काढतोय. त्यात मोडीतली सहा आहेत. वेलांटी, नावांची यादी करून ठेवतो, तुम्हाला जमेल तेव्हा बघाल का?

वेलांटी
जरूर. पानांच्या दोन्ही बाजू पाठवा, आणि यादीत दोन्ही माई वेगवेगळ्या लिहा.